कितीही द्या, पण शेवट सांगा



वाण्याच्या दुकानात तुम्ही अनेकदा गेला असाल. एक गिऱ्हाईक नुसती काडेपेटी घेऊन जाते. दुसरे महिन्याचे सामान भरते आणि त्याची यादी तीस-पस्तीस जिनसांची होते. वाणी मात्र दोघांची बेरीज एकाच रीतीने करतो. वरून एकेक आकडा घ्यायचा, मनातल्या बेरजेत मिळवायचा आणि खाली ओढलेली रेघ आली की थांबायचे. आकडे किती आहेत याची त्याला फिकीर नसते.

आता समजा, ती रेघ ओढायची राहिली. त्याच कागदावर खाली वाण्याने कोणाचा तरी टेलिफोन नंबर टिपून ठेवला आहे. दुकानातल्या नव्या पोऱ्याने तोही बेरजेत धरला, तर काडेपेटीचे बिल कोट्यवधी रुपयांचे होईल! पोऱ्याची बेरीज चुकली असे मात्र म्हणता येणार नाही. बेरीज बरोबरच आहे. थांबायचे कोठे, तेवढे त्याला कळले नाही.

संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यांना हाच प्रश्न नेहमी सोडवावा लागतो. तो कसा सोडवतात, आणि सोडवताना हयगय झाली तर काय होते, ते आज आपण पाहू.

फंक्शन आणि त्याची आदाने

संगणकाने करायच्या कामांची पायरीपायरीने लिहिलेली यादी म्हणजे आज्ञावली. त्यातले एखादे काम वारंवार लागत असेल तर ते एकदाच लिहून त्याला नाव देतात. अशा नाव दिलेल्या कामाला फंक्शन म्हणतात. गणितात तुम्ही ज्याला फलन म्हणता, त्याचाच हा भाऊबंद. दोन संख्यांची बेरीज करणारे फंक्शन आपण मराठीत असे लिहू :

बेरीज(अ, ब) :
    उत्तर = अ + ब
    उत्तर परत द्या

(प्रत्यक्षात बहुतेक संगणकभाषा रोमन लिपीत लिहितात, पण विचार मराठीत लिहिला म्हणून बदलत नाही.) आता कोठेही बेरीज(४०, २५) असे लिहिले की ६५ हे उत्तर मिळेल. कंसात दिलेल्या या गोष्टींना संगणकाच्या पुस्तकांत आर्ग्युमेंट म्हणतात. आपण त्यांना आदाने म्हणू.

पण बेरीज(४०, २५, १०) असे लिहिले तर? वरच्या फंक्शनमध्ये जागा दोनच आहेत, तिसरे आदान बसणार कोठे? तीन संख्यांसाठी निराळे फंक्शन लिहावे लागेल. मग चारांसाठी आणखी एक, पाचांसाठी आणखी एक. याला अंत नाही.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी 'बी' नावाची संगणकभाषा तयार केली होती. तिच्या १९७२ सालच्या माहितीपुस्तिकेत मजकूर छापणारे एक फंक्शन दिले आहे. छापायच्या गोष्टी किती असतील हे आधी ठाऊक नाही, म्हणून मजकुरानंतर चक्क नऊ आदानांसाठी जागा लिहून ठेवल्या आहेत! पाहुणे किती येतील हे माहीत नसले की आपण नऊ पाट मांडून ठेवावेत, तसेच हे झाले. काम भागते, पण हा तोडगा झाला, रीत नव्हे.

रीत हवी असेल तर वाण्याचीच उचलू या :

बेरीज(कितीही आदाने) :
    एकूण = ०
    जोवर पुढचे आदान आहे, तोवर :
        एकूण = एकूण + पुढचे आदान
    एकूण परत द्या

किती सोपे झाले! पण तिसरी ओळ पुन्हा एकदा वाचा. 'जोवर पुढचे आदान आहे.' ते आहे की नाही, हे फंक्शनला कळायचे कसे?

तुम्ही म्हणाल, पुढची जागा रिकामी दिसली की थांबावे. येथेच खरी गंमत आहे. संगणकाची स्मृती म्हणजे ओळीने मांडलेल्या खणांचे लांबच लांब कपाट आहे, आणि त्यातला कोणताही खण कधी रिकामा नसतो. प्रत्येक खणात कोणती ना कोणती संख्या असतेच; मग ती आधीच्या कामातून उरलेली का असेना. शून्य हीसुद्धा एक संख्याच. तेव्हा खणाकडे नुसते पाहून 'हे माझे आदान' आणि 'हा कोणाचा तरी टेलिफोन नंबर' हे ओळखता येत नाही. वाण्याची रेघ कोणी तरी ओढलीच पाहिजे.

रेघ ओढण्याच्या तीन रीती

पहिली रीत : संख्या आधी सांगणे. सहलीला निघताना गुरुजी मुले मोजतात, 'बेचाळीस', आणि परतताना बेचाळीस भरेपर्यंत बस हलत नाही. तसे बेरीज(३, ४०, २५, १०) असे लिहायचे. पहिले आदान सांगते की पुढे तीन संख्या आहेत. रीत साधी आहे, पण मोजणारा माणूस चुकू शकतो. ३ ऐवजी ४ लिहिले गेले तर फंक्शन निमूटपणे चौथा खण उघडेल आणि त्यात जे असेल ते बेरजेत मिळवील. ३ ऐवजी २ लिहिले तर १० ही संख्या गुपचूप गळेल. दोन्ही वेळा उत्तर मिळेल आणि दोन्ही वेळा ते चूक असेल.

दुसरी रीत : शेवटाची खूण ठेवणे. आगगाडी स्थानकातून गेल्यावर तिच्या शेवटच्या डब्याच्या पाठीवर रंगवलेली मोठी फुली तुम्ही पाहिली असेल. ती शोभेसाठी नसते. फुली दिसली की रेल्वेच्या माणसाला कळते की गाडी सबंध गेली, एखादा डबा मागे सुटलेला नाही. डबे मोजण्याची गरजच राहत नाही. धनादेशावर अक्षरी रकमेपुढे 'फक्त' लिहितात, तेही हेच काम करते. आपल्या फंक्शनमध्ये बेरीज(४०, २५, १०, −१) असे लिहून 'उणे एक आला की थांब' असे ठरवता येईल. वाण्याच्या बिलात उणे किंमत नसते, म्हणून तेथे हे चालेल. पण तापमानांची बेरीज करायची असेल तर? −१ हे खरेखुरे तापमान असू शकते! तेव्हा खूण अशी हवी की जी खऱ्या माहितीत कधीच येणार नाही. युनिक्स या प्रणालीत एका आज्ञावलीतून दुसरी सुरू करण्यासाठी एक्झेकएल नावाचे फंक्शन आहे. त्याला हवे तितके शब्द देता येतात, आणि शेवटी 'कोठेच नाही' असा अर्थ असलेला शून्य पत्ता द्यावा लागतो. कोणत्याही खऱ्या शब्दाचा पत्ता तसा नसतो. ही खूण द्यायची विसरली, तर फंक्शन फुली नसलेल्या गाडीमागे धावत सुटते.

तिसरी रीत : गाठोडे बांधणे. येथे मोजण्याचे काम माणसाकडे राहतच नाही. तुम्ही कंसात हव्या तितक्या संख्या लिहा. संगणकभाषा स्वतः त्यांचे एक गाठोडे बांधते, आत किती नग आहेत हे त्यावर टिपते आणि ते गाठोडे फंक्शनच्या हाती देते. पायथन भाषेत आदानाच्या नावाआधी एक तारांकन घातले की हे होते. जावा भाषेत ही सोय २००४ साली आली; तेथे तीन टिंबे देतात. एक्सेलसारख्या तक्त्यांत बेरजेचे 'सम' हे फंक्शन तुम्ही वापरले असेल. त्यालाही एक संख्या द्या किंवा पुष्कळ द्या, चालते. एक्सेलमध्ये आदानांची मर्यादा २५५ आहे.

गाठोडे बांधायला आणि सोडायला थोडा वेळ आणि थोडी जागा लागते. परंतु चूक होण्याची धास्ती पुष्कळ कमी होते. नव्या भाषांनी हा सौदा पत्करला, यात नवल नाही.

पावतीपुस्तकाची युक्ती

पहिल्या रीतीचेच एक चतुर रूप 'सी' या भाषेत आहे. बी भाषेनंतर त्याच बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ती तयार केली. तिच्यात छपाईचे फंक्शन आहे प्रिंटएफ. वर्गणीचे पावतीपुस्तक आठवा. 'श्री. ____ यांजकडून रुपये ____ मिळाले' असा मजकूर छापलेला असतो आणि मोकळ्या जागा भरायच्या असतात. प्रिंटएफला पहिले आदान म्हणून असाच एक नमुना देतात. आपल्या मराठीत तो असा होईल :

छाप("[शब्द] यांस [पूर्णांक] गुण मिळाले", "रमेश", ७२)

प्रत्यक्षात चौकटी कंसांच्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि एक अक्षर असते. नमुन्यात दोन मोकळ्या जागा आहेत, म्हणून आणखी दोन आदाने घ्यायची, हे फंक्शन नमुना वाचूनच ताडते. शिवाय पहिला शब्द आणि दुसरा पूर्णांक, हेही त्याला कळते. हे कळणे फार महत्त्वाचे आहे. स्मृतीत सगळे आकडेच असतात. तोच मजकूर शब्द म्हणून वाचला तर एक अर्थ आणि पूर्णांक म्हणून वाचला तर दुसरा. तेव्हा 'किती' याबरोबर 'कोणत्या जातीचे' हेही सांगावे लागते.

असे फंक्शन सी भाषेत तुम्हालाही लिहिता येते. अमेरिकेत १९८९ साली ठरलेल्या प्रमाण सी भाषेत त्यासाठी निश्चित रीत दिली गेली. कंसात निदान एका आदानाला नाव द्यायचे आणि पुढे तीन टिंबे काढायची. मग आतमध्ये तीन प्रकारच्या आज्ञा वापरायच्या : पहिली सांगते 'नावाच्या आदानानंतर वाचायला सुरुवात कर', दुसरी सांगते 'या जातीचे पुढचे आदान उचल', आणि तिसरी सांगते 'आता आवर'. दुसरी आज्ञा हवी तितक्या वेळा देता येते. 'आदाने संपली का?' असे विचारणारी आज्ञा मात्र या संचात नाही! ते ठरवण्याची जबाबदारी पूर्णपणे तुमची.

आता नमुन्यात तीन मोकळ्या जागा ठेवल्या आणि आदाने दोनच दिली, तर काय होईल? सी भाषेचे प्रमाण सांगते की अशा वेळी काय होईल याची कोणतीही हमी नाही. सामान्यतः फंक्शन तिसऱ्या आदानाच्या जागी जे पडलेले असेल ते उचलते आणि छापून मोकळे होते. वाण्याचा टेलिफोन नंबर बिलात येतो, तो असा.

ही चूक केवळ विनोदी असती तर सोडून दिली असती. पण समजा, नमुनाच परक्या माणसाने लिहिला तर? आज्ञावली बाहेरून आलेला मजकूर घेते आणि तोच पहिले आदान म्हणून छपाईच्या फंक्शनला देते. त्या मजकुरात कोणी मुद्दाम मोकळ्या जागांच्या खुणा पेरल्या, तर फंक्शन एकामागून एक खण उघडून आतली गुपिते दाखवू लागेल. त्यातली एक खूण तर वाचण्याऐवजी स्मृतीत लिहिण्याचे काम करते. २००० साली डब्ल्यूयू-एफटीपीडी या, फायलींची देवाणघेवाण करणाऱ्या प्रसिद्ध आज्ञावलीत नेमका हाच दोष उघडकीस आला. दूरवर बसलेल्या माणसाला त्याच्या आधारे संगणकाचा संपूर्ण ताबा घेता येत होता. त्यानंतर इतर आज्ञावलींतही असे दोष शोधले जाऊ लागले आणि सापडले.

उपाय काय? उपाय अगदी साधा आहे. परक्याचा मजकूर मोकळ्या जागेत भरावा; त्याला पावतीपुस्तक छापू देऊ नये. म्हणजे छाप(मजकूर) असे न लिहिता छाप("[शब्द]", मजकूर) असे लिहायचे. आजचे बरेच कंपायलर नमुना आणि आदाने यांचा मेळ बसत नसेल तर आधीच इशारा देतात. तो वाचण्याची सवय मात्र आपल्याला हवी.

काहीच दिले नाही तर?

'कितीही द्या' असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात शून्यही आले. बेरीज() असे रिकाम्या कंसाने विचारले तर उत्तर काय असावे?

आपल्या फंक्शनमध्ये एकूण ० पासून सुरू होते आणि एकही आदान नाही, म्हणून उत्तर ० येईल. हे योग्य आहे का? एक कसोटी लावू. यादीचे दोन तुकडे केले, प्रत्येकाची बेरीज केली आणि त्या दोन बेरजा मिळवल्या, तरी मूळचीच बेरीज आली पाहिजे. आता (४०, २५, १०) या यादीचे असे तुकडे करा की एकात सगळ्या संख्या आणि दुसऱ्यात काहीच नाही. पहिल्याची बेरीज ७५. दुसऱ्याची बेरीज ० धरली तरच एकूण ७५ राहते. तेव्हा ० हेच उत्तर योग्य.

हीच कसोटी गुणाकाराला लावा. रिकाम्या यादीचा गुणाकार ० धरला तर सगळेच शून्य होईल. तो १ हवा! शून्याचा क्रमगुणित १ का, आणि ५ चा शून्यावा घात १ का, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल, तर त्याकडे पाहण्याची ही एक वाट आहे. दोन्ही ठिकाणी गुणायला एकही संख्या नाही. कॉमन लिस्प आणि स्कीम या भाषांत नुसते बेरजेचे चिन्ह कंसात लिहिले तर ० मिळतो आणि नुसते गुणाकाराचे लिहिले तर १ मिळतो.

आता सर्वांत मोठी संख्या शोधणारे फंक्शन घ्या. काहीच दिले नाही तर सर्वांत मोठी कोणती? येथे शहाण्यांतही मतभेद आहेत. पायथन चूक दाखवून थांबते. एक्सेल ० सांगते. जावास्क्रिप्ट सांगते 'उणे अनंत'! हे शेवटचे उत्तर विचित्र वाटते, नाही का? पण आपली कसोटी लावून पाहा. लडाखमधील द्रास येथे हिवाळ्यात पारा शून्याच्या पुष्कळ खाली जातो. समजा, तीन दिवसांची तापमाने −१२, −७ आणि −९ अंश सेल्सिअस आहेत. एका तुकड्यात ही तिन्ही आणि दुसरा तुकडा रिकामा. पहिल्यातील मोठी संख्या −७. रिकाम्याचे उत्तर ० धरले तर दोहोंतील मोठे ० ठरेल, आणि द्रासला जे तापमान नव्हतेच ते आपण नोंदवू. उणे अनंत धरले तर −७ हे उत्तर शाबूत राहते. ज्याला हे पटत नाही त्याने पायथनप्रमाणे सरळ 'उत्तर नाही' म्हणावे. पण 'काही तरी सांगून टाकू' म्हणून ० सांगणे जोखमीचे आहे.

सरासरीची तऱ्हा याहून निराळी आहे. काहीच दिले नाही तर बेरीज ० आणि संख्याही ०. शून्याने भागता येत नाही, म्हणून उत्तर नाहीच. शिवाय सरासरी दोनदोन करून काढता येत नाही. २ आणि ४ यांची सरासरी ३. ३ आणि ९ यांची ६. पण २, ४, ९ या तिघांची सरासरी ५ आहे. म्हणून सरासरीच्या फंक्शनला बेरीज आणि मोजणी दोन्ही शेवटपर्यंत सोबत न्यावी लागतात, आणि भागाकार एकदाच, अखेरीस करावा लागतो.

वर्गात करून पाहा

शिक्षकांना हा प्रयोग सहज घेता येईल. बाकावर दहा चिठ्ठ्या ओळीने ठेवा. प्रत्येकीवर एक संख्या लिहिलेली असू द्या. एका विद्यार्थ्याने 'फंक्शन' व्हावे. दुसऱ्याने पहिल्या तीन चिठ्ठ्या आपल्या म्हणून ठरवाव्यात, पण फंक्शनला त्या दाखवू नयेत; 'पहिलीपासून बेरीज कर' एवढेच सांगावे. फंक्शन कोठे थांबते ते पाहा. मग संख्या सांगून, खुणेची चिठ्ठी ठेवून आणि शेवटी तीन चिठ्ठ्या पाकिटात घालून तोच खेळ पुन्हा खेळा. प्रत्येक रीतीत फंक्शनला फसवण्याचा प्रयत्न करा. कोणत्या रीतीत फसवणे सर्वांत अवघड गेले?

विचार करा

१. 'उणे एक आला की थांब' असे ठरवलेल्या फंक्शनला बेरीज(१२, ५, −१, ८, −१) असे दिले. सगळ्यात शेवटचा −१ तेवढा खुणेचा आहे. फंक्शन काय उत्तर देईल? खरे उत्तर काय?

२. सर्वांत लहान संख्या शोधणाऱ्या फंक्शनला काहीच दिले नाही, तर आपल्या कसोटीप्रमाणे उत्तर काय असावे?

३. मसावि दोनदोन संख्यांचा काढत गेले तरी चालते : १२ आणि १८ यांचा ६, मग ६ आणि ३० यांचा ६. तर रिकाम्या यादीचा मसावि काय असावा? आणि लसावि?

उत्तरे : (१) फंक्शन १७ सांगेल, खरी बेरीज २४. (२) अधिक अनंत. (३) मसावि ०, कारण ० आणि १२ यांचा मसावि १२ च येतो, लसावि १. पायथन भाषाही हीच उत्तरे देते.

पुढच्या वेळी वाण्याकडे गेलात की बिलाखालची ती रेघ जरूर पाहा. फंक्शन लिहिताना असो की साधी यादी करताना, किती गोष्टी येतील हे आधी ठाऊक नसले तरी हरकत नाही. त्या संपल्या कोठे, हे मात्र कोणी तरी स्पष्ट सांगितलेच पाहिजे.